बंदुकीच्या दस्त्यावरचं कुंकू

औषधांच्या दुकानात काउंटरमागे पंधरा वर्षं काढलेल्या बाईला संशयी म्हणण्यात काही अर्थ नाही. संशय हा माझ्या कामाचाच भाग आहे. खोकल्याचं अमुकच औषध हवं म्हणून अडून बसणारा, चिठ्ठीवरची तारीख अंगठ्याखाली झाकून धरणारा, कुणी विचारलेलं नसताना 'आईसाठी नेतोय' असं सांगणारा, अशी माणसं मला दारातून आत येतानाच ओळखू येतात. आणि एक गोष्ट मी या नोकरीत पक्की शिकले. जो माणूस दर दोन महिन्यांनी औषध बदलून मागतो, त्याचं दुखणं वेगळंच असतं.

हे मला ठाऊक होतं. तरीही माझा नवरा दर दोन-तीन महिन्यांनी बंदूक बदलायला लागला, तेव्हा मी भलतीकडेच बघत बसले.

आम्ही ऑकलंडला राहतो. नवरा इंजिनिअर आहे, पेनरोजच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल बघतो. पुण्यात असताना त्याने जत्रेत फुगे फोडले असतील तेवढाच त्याचा बंदुकीशी संबंध. इथे कारखान्यातल्या कुणीतरी त्याला एकदा हरणांच्या शिकारीला नेलं आणि स्वारी कामातून गेली. रीतसर परीक्षा देऊन परवाना काढला, गॅरेजच्या भिंतीला पक्कं ठोकलेलं लोखंडी कपाट आलं. त्या कपाटाची किल्ली कुठे असते ते मला कळता कामा नये, असा इथला नियम, कारण परवाना माझ्या नावावर नाही. लग्नाला वीस वर्षं झाली, नवऱ्याच्या मोज्यांची भोकंसुद्धा मला पाठ आहेत, आणि घरातल्या एका किल्लीबद्दल विचारायचं नाही! कायदा चांगला आहे, मी नाव ठेवत नाही. पण माझ्यासारखीच्या डोक्यात किडा वळवळायला तेवढी किल्ली पुरेशी होती.

पहिली सहा वर्षं त्याच्याकडे एकच रायफल होती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, हाताची पकड घसरू नये म्हणून त्यावर बारीक चौकड्यांची कोरीव जाळी. एप्रिलमध्ये तो चार दिवस डोंगरात जायचा आणि बहुतेक वेळा हरणाचं मटण घेऊन यायचा. मी त्याला मालवणी मसाला लावायचे, तो अख्ख्या कारखान्याला डबे वाटायचा. त्याचा तो तोरा मला आवडायचा, हेही सांगून टाकते.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. आमची हत्यारं म्हणजे विळी, लॅपटॉप, गाडी आणि माझा गोळ्या मोजायचा ट्रे. सहाव्या वर्षी मी म्हटलं, "घरात खरंखुरं शस्त्र असताना विळीवर काय भागवायचं? ती बाहेर काढ." त्याने रायफल काढली, काडतूस नाही ना ते तीनतीनदा तपासलं, गोळी झाडणारा बोल्ट काढून घेतला आणि पाटावर ठेवून शेजारी राखणदारासारखा उभा राहिला. मी हळदीचं बोट लावलं, मग ओल्या कुंकवाचं. नेमकं त्या कोरलेल्या जाळीवर. तो ओरडला, "अगं, लाकडावर ओलं काय लावतेस!" मग जुना टूथब्रश घेऊन तासभर घासत बसला. वरवरचं कुंकू निघालं, चौकड्यांच्या खाचांत गेलेलं तसंच राहिलं. "आता हिला कोण घेणार?" असं तो म्हणाला. मी हसले, कारण ती विकायची आहे हे कुणाच्या मनातही नव्हतं.

पुढच्याच उन्हाळ्यात ती गेली. टौरंगाला एक म्हातारा बागायतदार आहे, किवीफळांची बाग त्याने मुलाला दिली, आता बंदुकांची अदलाबदल हाच त्याचा उद्योग, असं मला सांगण्यात आलं. त्याला ती देऊन नवऱ्याने दुसरी आणली.

"ती जड होती गं," तो म्हणाला. "डोंगर चढून गेल्यावर हात भरून येतो."

तीन महिन्यांनी ती दुसरी गेली. "फारच हलकी होती. वाऱ्यावर हलायची."

तिसरीचा चाप कडक होता. चौथीचा नको तितका नरम. पाचवीची नळी लांब, झाडीत अडकते. दर वेळी कागदपत्रं चोख, सरकारी नोंद झालेली, आणि दर वेळी कारण नवं. कारण विचारल्याशिवायच सांगितलं जाई, हे मी लक्षात ठेवलं. आणि फ्रीझरमध्ये सलग दोन एप्रिल नुसते मटार होते.

कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला तेव्हाच कळलं. मग बाकीचं दिसायला लागलं. मी खोलीत शिरले की त्याचा उजवा हात खिशात जायचा. फोन लपवतोय, मी म्हटलं. साध्या रेझरने दाढी करणारा माणूस अचानक इलेक्ट्रिक रेझर वापरायला लागला. नटायला लागलाय, मी म्हटलं. लेकीच्या वाढदिवसाला दरवर्षी स्वतः चार ओळी लिहायचा, त्या वर्षी छापील कार्ड आणलं, खाली सहीसुद्धा नाही. मन घरात नाही, मी म्हटलं. चहा तर तो अर्धाच कप घ्यायला लागला होता, आणि तोही ओट्याशी उभ्या उभ्या. पूर्वी काठोकाठ भरलेला कप घेऊन तासभर बसणारा माणूस हा! इतकी कसली घाई? टौरंगाची?

लेकीकडे मी खडा टाकून पाहिला. ती विद्यापीठात शिकते, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. "मम्मी, बाबा जस्ट लाइक्स हिज टॉइज. चिल." मी चिल झाले नाही. एव्हाना माझी खात्रीच पटली होती की टौरंगाला म्हातारा नसून कुणीतरी वेगळंच आहे.

यंदा परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली. इथे त्यासाठी बायकोशी वेगळं बोलतात. परवान्याच्या कामावरची बाई घरी येते, नवऱ्याला बाहेर पाठवते आणि तुम्हाला विचारते, या माणसाकडे बंदूक असण्याबद्दल तुम्हाला काही चिंता वाटते का? खरं बोलायचं असतं. तुमच्या एका वाक्यावर त्याचं कपाट कायमचं रिकामं होऊ शकतं. आमची तारीख गुरुवारची ठरली. त्याआधीच्या आठवड्यात नवऱ्याने आणखी एक बंदूक आणली.

"वेगळं मॉडेल आहे," तो म्हणाला, मी काहीच विचारलेलं नसताना.

तो ती पुसत बसला होता, मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होते. दस्ता अक्रोडाचा होता. चौकड्यांच्या खाचांत लाल होतं.

मी टॉवेलची घडी पूर्ण केली. मी लावलेलं कुंकू मी ओळखणार नाही? ही तीच, पहिली. म्हणजे हा माणूस माझ्या तोंडावर धडधडीत खोटं बोलत होता, आणि गुरुवारी मला त्याच्याबद्दल खरं बोलायचं होतं. मला इतका राग आला की त्या रात्री मी जेवलेच नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

शनिवारी तो म्हणाला, टौरंगाला जाऊन येतो, म्हाताऱ्याची दुर्बीण परत करायची आहे. मी म्हटलं, "मीही येते."

त्याने किल्ल्या शोधायला नको इतका वेळ लावला. मग म्हणाला, "ये की."

अडीच-तीन तासांच्या त्या रस्त्यात आम्ही हवापाण्यावर बोललो. मी मांडीवर चिवड्याचा डबा धरून बसले होते, आणि समोर कोण दार उघडतं त्याप्रमाणे तो द्यायचा की परत न्यायचा हे ठरवणार होते.

दार म्हाताऱ्याने उघडलं. खराखुरा म्हातारा, शॉर्ट्स, पायात जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, गुडघ्यावर खरचटलेलं. "किया ओरा! शेवटी बायकोला आणलंस तर," असं म्हणून त्याने माझ्या हातातला डबा घेतला आणि उघडून तिथेच खायला सुरुवात केली. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली. पण मग खोटं कशाला?

नवरा गाडीतून दुर्बीण आणायला गेला. तेवढ्यात मी विचारून टाकलं. इंग्रजीतच, पण अगदी पुणेरी सरळपणाने: "तुम्ही लोक सारख्या बंदुका का बदलता?"

त्याला प्रश्न आवडला. म्हणाला, "चांगली रायफल झिजत नाही गं. शंभर वर्षं टिकते. मग नव्याचं सुख मिळायचं कसं? बदलून. झाडीसाठी आखूड हवी वाटते, डोंगरासाठी हलकी. दुसऱ्याच्या हातातली आपल्यापेक्षा बरी दिसते. सहा महिन्यांनी कळतं की आपण नेमबाज होतो तसेच आहोत, की पुन्हा बदलायची. माझ्या हातून चाळीस तरी गेल्या असतील. ज्यांच्याशी बदलल्या ते सगळे मित्र झाले. दुसरं काय करणार, म्हाताऱ्या माणसाला कोण उगाच भेटायला येतं?" त्याने आणखी एक मूठ चिवडा घेतला. मग दाराकडे बघून आवाज उतरवला. "तुझा नवरा मात्र त्यासाठी बदलत नाही. मागच्या खेपेला म्हणाला, माझी पहिली परत दे, तिने माझा नेम चुकत नव्हता. मी दिली. इथेच मागे निशाणावर मारून पाहिली. पाचांतली एक लागली. मी त्याला म्हटलं, दोस्ता, दोष रायफलचा नाही. तू डॉक्टरला हात दाखवून घे."

"हात?" मी म्हटलं.

त्याने डबा खाली ठेवला. "तू औषधवाली ना?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता तो, त्याला खरंच नवल वाटलं होतं.

मी तिथेच एका खोक्यावर बसले. जड, हलकी, कडक, नरम, लांब. सगळ्यांमागचं कारण एकच होतं, हात स्थिर राहत नव्हता. खिशात फोन नव्हता, नुसता हात होता. रेझर, कार्ड, अर्धा कप. रोज अनोळखी लोकांच्या थरथरत्या बोटांत मी त्यांच्या गोळ्यांची बाटली ठेवते, झाकण उघडेल ना म्हणून विचारते. आणि घरातला हात मी चोराचा हात म्हणून बघत होते.

परतताना अर्ध्या वाटेत मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली.

"हात दाखव."

"कशाला?"

"दाखव म्हटलं ना!"

त्याने स्टिअरिंगवरून हात काढून पुढे धरला. बोटं थरथरत होती, थांबवायला गेला तशी जास्तच. मी तो हात दोन्ही हातांत धरला, तरी आतल्या आत ते चालूच होतं.

"किती दिवस?"

"दोन वर्षं होतील."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं," तो म्हणाला. "बंदूक वाईट आहे म्हटलं की बदलता येते."

मी रडले, मग त्याला शिव्या घातल्या, मग अशा थरथरीची दहा कारणं असतात आणि त्यातली निम्मी साधी असतात, असं कुठल्याही ग्राहकाला सांगते तसं त्याला सांगितलं. सोमवारीच डॉक्टरची वेळ घ्यायची असं ठरलं. ती पुढच्या महिन्याची मिळाली. गाडी पुढे मी चालवली. ऑकलंड जवळ आल्यावर त्याने विचारलं, "गुरुवारी त्या बाईला काय सांगशील?"

मी पुढचा ट्रक ओलांडला. गुरुवारपर्यंत त्याने पुन्हा विचारलंही नाही.

गुरुवारी चार वाजता ती बाई आली. चष्मा, मांडीवर टॅब्लेट, बोलणं मऊ. नवऱ्याला म्हणाली, तुमच्या पत्नीशी जरा एकटीशी बोलते. "मी चहा करतो," असं म्हणून तो आत गेला. तिने घरातली भांडणं, दारू, झोप, सगळं विचारलं. मी खरं खरं सांगत गेले. मग तिने विचारलं, त्यांच्या तब्येतीबद्दल काही? बंदूक हाताळण्यावर परिणाम होईल असं काही तुमच्या लक्षात आलंय?

मला एप्रिलमधला तो डबे वाटणारा नवरा दिसला. पंधरा वर्षांत मी एकालाही खोट्या चिठ्ठीवर गोळी दिलेली नाही. आणि मी चेहरा सरळ ठेवून "नाही" म्हणायला तोंड उघडलं.

स्वयंपाकघरातून कपबश्यांचा आवाज यायला लागला. किणकिण आधी बारीक होती, मग दार ढकललं गेलं तशी मोठी झाली. नवरा ट्रे घेऊन आला. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो सावकाश चालत आला, आमच्या दोघींच्या समोरून, हात कुठेही न लपवता. चहा बश्यांत सांडत होता, बश्यांतून ट्रेमध्ये. बाईने टॅब्लेटवरून मान वर केली आणि त्याच्या हातांकडे बघितलं.

त्याने तिन्ही कप काठोकाठ भरले होते.