टाकी भिंतीला

गुणाजी राऊळचं घर विक्रोळीत सातव्या मजल्यावर आहे आणि तो झोपतो खाली रस्त्यावर, ट्रकच्या केबिनमध्ये. हे ऐकून लोक हसतात. त्याला हसू येत नाही.

ट्रक कुठे लावायचा हे ठरवताना ड्रायव्हर चहाची टपरी, नळ, सावली हे सगळं नंतर बघतो. आधी बघतो भिंत. डिझेलची टाकी गाडीच्या एका अंगाला असते. ते अंग भिंतीला इतकं चिकटवून लावायचं की मध्ये मांजर शिरेल, माणूस नाही. मग पाइप घालून डिझेल ओढणारे हात हलवत परत जातात आणि ड्रायव्हर झोपतो. टाकी उघड्यावर राहिली की ड्रायव्हर जागा राहतो. तोच तारवटलेला माणूस पुढे घाट उतरतो. डिझेल गेलं तर मालक पगारातून कापतो. डोळा लागून गाडी दरीत गेली तर म्हणतो, प्यायलेला असेल.

हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून गुणाजीच्या चाळीची मागची भिंत होती. बाप गिरणीत होता तेव्हापासूनची. चाळ पाडून टॉवर झाला, भिंत तेवढी राहिली. टॉवरचं गेट आता त्याच बाजूला. मोठ्या गाड्यांना शहरात शिरायची वेळ होईपर्यंत गुणाजी तिथेच गाडी लावायचा आणि भरला माल सोडून वर न जाता केबिनमध्येच झोपायचा. त्याच्यामागे माणिक. माणिक सोलापूरकडचा, त्याच मालकाच्या दुसऱ्या गाडीवर, गुणाजीचा जुना सोबती. गुणाजीची बायको जानकी दोघांचा डबा खाली आणून द्यायची.

"वैनी, फ्लॅटात राहायला गेलात आणि माशाचे तुकडे लहान झाले," माणिक म्हणायचा.

"तुकडो तेवढोच आसा. तुमचा तोंड मोठा झाला," जानकी म्हणायची.

त्यांचा मुलगा सुयोग पवईत नोकरीला. सोसायटीचा सेक्रेटरीही तोच. बाप घरासमोर ट्रकमध्ये झोपतो याची त्याला लाज वाटायची.

"बाबा, लोक विचारतात."

"सांग त्यांना, तुमच्या बाथरूमच्या टाइल्स घेऊन आलाय. जरा पडू दे."

सोसायटीची मिटिंग झाली तेव्हा गुणाजी टाइल्स भरायला मोरबीला गेला होता. घरातून जानकी गेली. भिंतीलगत बाहेरच्या बाजूला कुंड्या ठेवू, शोभा येईल, असा विषय सुयोगने मांडला. फुलझाडांना नको कोण म्हणणार? तिने हात वर केला. वर तगर लावा म्हणून सुचवलं. देवाला रोजची फुलं होतील. सुयोग समोरच बसला होता. कुंड्या कशासाठी आहेत हे त्याला ठाऊक होतं. आईला त्याने सांगितलं नाही.

कुंड्या आल्या त्या सिमेंटच्या, हौदाएवढ्या.

माणिक गुणाजीच्या आधी मुंबईत पोचला. त्याने भिंत पाहिली, कुंड्या पाहिल्या आणि पुढे जाऊन गाडी हायवेच्या कडेला लावली. टाकी रस्त्याच्या बाजूला, उघडी. मग अशा वेळी ड्रायव्हर करतात तेच त्याने केलं. चटई टाकली आणि टाकीला पाठ लावून जमिनीवर आडवा झाला. भिंत नव्हती म्हणून तोच भिंत झाला. उजाडताना पाण्याचा एक टँकर कडेने घासत गेला. माणिकचा डावा पाय चाकाखाली आला.

गुणाजी परतला त्या सकाळी त्याला फोनवर हे कळलं. गाडी टॉवरसमोर रस्त्यातच उभी करून तो रिक्षाने घाटकोपरच्या इस्पितळात गेला. पायाच्या जागी चादर सपाट होती. माणिक तिकडेच बघत होता.

"क्लचचा पाय गेला रे," तो म्हणाला. "ब्रेकचा राहिला. आता नुसता थांबू शकतो."

गुणाजी खाटेच्या कडेला टेकला.

"तुमच्या कुंड्या मात्र झकास आहेत. वैनींनी लावल्या का?"

माणिकने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता.

गुणाजी घरी आला तेव्हा सुयोग ऑफिसला निघत होता.

"त्या कुंड्या हलव."

"बाबा, ठराव झालाय. असं नाही हलवता येत. पुढच्या मिटिंगमध्ये मांडतो ना."

"माणिकचा पाय पुढच्या मिटिंगपर्यंत उगवेल का?"

"मला वाईट वाटतं. पण त्यांना हायवेवर झोपायला आम्ही सांगितलं नव्हतं."

जानकी स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला पीठ होतं.

"त्यो कुंड्यो गाड्यो अडवूक होत्यो?"

सुयोग मोबाइलमध्ये बघत राहिला.

"माका तू शोभा म्हणान सांगितलंस," ती म्हणाली. "माझो हात वर करून घेतलंस."

गुणाजी खाली उतरला. घरात थांबला असता तर त्याने पोराच्या कानाखाली वाजवली असती. या लोकांना टाइल्स हव्यात, सिमेंट हवं, कांदे हवेत. आणणारा माणूस तेवढा खिडकीतून दिसायला नको. आणि या लोकांत आपलंच पोर, याच टायरांवर मोठं झालेलं.

त्याने गाडी ओढायची साखळी काढली. पहिल्या कुंडीला गुंडाळली, दुसरं टोक गाडीला बांधलं आणि गिअर टाकला. कुंडी दात खात रस्त्यावर आली. मग दुसरी. मग तिसरी. वॉचमन शिट्टी तोंडात धरून बघत राहिला. एक गाडी मावेल एवढी भिंत मोकळी झाली, तरी गुणाजी थांबला नाही. मागे माणिकची गाडी मावेल एवढी जागाही त्याने केली. मालक त्या गाडीवर कोणाला तरी चढवेलच. त्यालाही झोपायला भिंत लागेल.

सुयोग धावत खाली आला. "बाबा, लोक पोलिसांना बोलावतील."

"बोलावू दे. नाव सांग. गुणाजी राऊळ, सातवा मजला, सभासद."

त्याने गाडी मागेपुढे करत टाकी भिंतीला लावली. मध्ये मांजर जेमतेम शिरलं असतं.

जानकी डबा घेऊन आली. उलटलेल्या कुंडीवर टेकली.

"तू नीज," ती नवऱ्याला म्हणाली. "कोण येता ता मी बघतंय."

कुंड्या गेटसमोर वेड्यावाकड्या पडल्या होत्या. सुयोगची कार आत अडकली. इस्त्रीच्या शर्टात त्याने एका कुंडीला खांदा लावला. ती हलली नाही. त्याने केबिनकडे पाहिलं.

"बाबा, जरा साखळी द्या ना."

गुणाजीने काच वर केली.