बाजारचा पुदिना

बंगळुरात आमच्या एचएसआर लेआउटात समोरच्या फ्लॅटमध्ये पुण्याचा एक कंप्युटरवाला राहतो. दर रविवारी दुपारी तो माझ्याकडे येऊन मोहितो नावाचं सरबत करतो. "काका, यात दारू नाही हं," असं दरवेळी सांगतो, मी त्याचा सासरा असल्यागत. पुदिना नि लिंबू लाटण्याच्या टोकानं ठेचतो, साखर टाकतो, सोडा ओततो, नि स्वतः चाखायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघत बसतो.

"स्वल्प मीठ घाल," मी म्हणतो. तो हसतो, पण घालतो.

पुदिना आमच्या गॅलरीतला, माझ्या बायकोनं लावलेला. ती गेल्यापासून तो सुकत चाललाय. पाणी मी घालतो, पण तिचा हात मला नाही.

परवा त्यानं बाजारातनं जुडी आणली.

"आमचा का नको?" मी चिडलो.

"थोड्याच काड्या उरल्यात, काका. मी तोडल्या तर संपेल."

"संपू दे. वाळून जाण्यापेक्षा पोटात जाऊ दे."

त्यानं गॅलरीत जाऊन शेंड्याचं एकच पान खुडलं नि माझ्याच पेल्यात टाकलं. सरबत मी पिऊन टाकलं. पान मात्र जिभेवर धरून बसलो. गिळवेना.