खिळ्याला टांगलेली पाठ

रुग्णालयाच्या धुलाईघरात आक्काला बावीस वर्षं झाली. यंत्रातून ओल्या चादरी जमिनीवरच्या टबात पडायच्या, तिथून वाकून उचलायच्या आणि सुकवायला न्यायच्या, हे तिचं काम. पाठीचं पार लाकूड झालं होतं. टबाऐवजी कमरेइतकी उंच, चाकांची गाडी द्या, एवढंच ती दोन वर्षं मागत होती. मुकादमाचं उत्तर ठरलेलं. "पाठ कोणाची दुखत नाही, आक्का? माझीही दुखते." त्याची दुखायची ती खुर्चीत बसून.

शेवटी वरून एक माणूस आला. हात लोण्यासारखे मऊ, आणि बूट असे की ओल्या फरशीवर टेकताना त्यांचा जीव जावा. कण्याची हालचाल मोजतो म्हणे. आक्कानं उभ्या उभ्या त्याचं बारसं केलं. पाठमोज्या!

काडेपेटीएवढ्या दोन डब्या लावलेला पट्टा त्यानं दिला. इस्त्रीवालीनं तो आक्काच्या पाठीवर बांधला, एक डबी मानेखाली, एक कमरेवर.

"तीन दिवस घाला. किती वेळा वाकता, ते सगळं कळेल. फक्त पाणी लागू देऊ नका, बिघडेल."

एवढं बोलून पाठमोज्या मुकादमाच्या खोलीत चहाला जो गेला, तो तीन दिवस तिथून हलला नाही.

धुलाईघरात पाणी लावू नका! पण परक्याची वस्तू नासू नये, देव बघत असतो, हे आक्काच्या अंगात मुरलेलं. टबापाशी जायच्या आधी ती पट्टा काढून दाराजवळच्या खिळ्याला टांगायची. कोरड्या चादरींच्या घड्या घालायला बसली की पुन्हा बांधायची.

चौथ्या दिवशी पाठमोज्यानं अहवाल वाचला. "बराच वेळ पाठ एकदम ताठ. वाकणं अगदी कमी. कणा उत्तम. गाडीची गरज नाही."

"बघा! उगाच कांगावा," मुकादम म्हणाला.

"साहेब, ही पाठ माझी नाही," आक्का म्हणाली. "त्या खिळ्याची आहे."

पाठमोज्यानं खिळ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही पट्टा काढून ठेवलात? अहो, पण का?"

"तुम्हीच म्हणालात, पाणी लावू नका."

"ओल्या कामापुरतं काढलं असेल. बाकी वेळ तर..."

"धुलाईघरात कोरडं काय असतं साहेब? चार घड्या, आणि तुमचे बूट."

इस्त्रीवाली फिस्सकन हसली. आक्कानं पट्टा बांधला आणि सरळ टबाकडे निघाली.

"अहो, बिघडेल ते!"

"डबीला पाणी सोसत नाही, आणि पाठीला सोसतं होय?"

ती वाकली, ओली चादर उचलली, खांद्यावर घेतली. पाणी निथळत पाठीवरून खाली. पुन्हा वाकली. पाठमोज्याच्या हातातल्या मोबाइलवर आकडे पळत होते. पाव तासात एकसष्ट. मग पडद्यावरची रेघ आडवी झाली.

"गेलं!" तो कळवळला. बावीस वर्षांत आक्काच्या पाठीसाठी कोणी असं कळवळलं नव्हतं.

"एवढ्यात?" आक्का म्हणाली. "आणि म्हणे कणा मोजणार." तिनं मेलेला पट्टा पदरानं पुसून पुन्हा खिळ्याला टांगला. "आता लिहा. एकसष्ट."

त्याला लिहावंच लागलं.

महिन्यानं गाडी आली. ती आपणच आणवली, असं मुकादम दारात उभा राहून प्रत्येकाला सांगत होता. आक्का चादरी उचलत राहिली, उभ्यानं.