वाजव, साहेब सांगतायत

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. बायकोला सांगितली नाही, ती गेली. मुलीच्या घरी राहतो, इथे बहरीनमध्ये, सनाबिसला, तिलाही सांगितली नाही. आता सांगतो, कारण माझा आवाज ब्राझीलपर्यंत पोचला आहे आणि लोक त्याला मंत्र समजतायत.

तो मंत्र नाही. काय आहे ते सांगतो.

जनाबियातला साहेबांचा व्हिला. गणपतीची संध्याकाळ. मखराचा लोखंडी सांगाडा मीच यार्डात वेल्ड करून आणला होता. साहेबांच्या कंपनीत मी फॅब्रिकेशनचा मिस्त्री. काम झालं की निघायचं, पण साहेब म्हणाले, "थांब मिस्त्री, प्रसाद घेऊन जा." म्हणून दाराजवळ उभा होतो. बरोबर माझा मुलगा आनंद. आनंद आणि साहेबांचा निखिल एकाच शाळेत, एकाच वर्गात. हॉलमध्ये मुंबई-पुण्याची मंडळी बसलेली, बँकांतली, ऑडिटमधली. मधोमध निखिलचा नवा ड्रम सेट. शेजारी टेपरेकॉर्डर आणि माइक, कारण निखिलला त्याचं वाजवणं टेप करून कुठेतरी पाठवायचं होतं.

निखिलने वाजवलं. जमलं नाही. हात एकीकडे, पाय दुसरीकडे. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांचं तोंड उतरलं. मग ते आनंदकडे वळले.

"आता अस्सल ऐका. मिस्त्रीच्या पोराला क्लास लावावा लागत नाही. वाजवणं या लोकांच्या रक्तातच असतं."

लोक हसले. दुष्टपणे नाही. जेवताना हसतात तसे, सहज. मला तेच जास्त लागलं.

आनंद म्हणाला, "नको काका. मी नाही वाजवणार."

साहेबांनी पाहिलं. आनंदकडे नाही, माझ्याकडे. माझा व्हिसा त्यांच्या कंपनीचा. बायकोचा, पोरांचाही त्यावरच. मी हसलो. हसतहसत म्हणालो, "वाजव. साहेब सांगतायत."

आनंद जाऊन बसला. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि काठ्या उचलल्या. पहिला ठोका पडला आणि मी ओळखला. तो आमचा खालूबाजा होता, पालखीपुढचा ढोलाचा ताल. माझ्या बापाच्या हातचा. आनंदने आजोबांना कधी वाजवताना पाहिलंच नव्हतं. पिकअप चालवताना मी स्टिअरिंगवर बोटं आपटायचो. तिथूनच उचललं असावं.

बापाचं सांगायला हवं, नाहीतर हे कळणार नाही. चिपळूणकडच्या आमच्या गावात तो पालखीपुढे ढोल वाजवायचा. हौस म्हणून नव्हे. गावकीने आमच्या वाडीवर टाकलेलं काम होतं ते. वाजवायचं, आणि पालखीपासून लांब राहायचं. आमच्या लोकांनी धर्म बदलला त्या वर्षी बापाने ढोल उतरवून ठेवला. गावकीची माणसं अंगणात आली. बाप दारात उभा राहून म्हणाला, "आजपासून आमी वाजवनार नाय. देव तुमचा, वाजवा तुमीच." त्यानंतर वाडीला दुकानात माल मिळेना. शेतावर कोणी बोलवेना. बाप मुंबईच्या गोदीत गेला, ओझी उचलली, पण ढोलाला पुन्हा हात लावला नाही.

त्याने भर अंगणात जे नाकारलं, ते मी एसीच्या गारव्यात पोराकडून करून घेतलं. वर हसलो.

तेवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं.

निखिलला ब्राझीलमधल्या एका बँडचं वेड लागलं होतं. पेद्रा मुदा त्यांचं नाव. त्यांच्या भाषेत मुका दगड. निखिल त्यांना पत्रं लिहायचा, ते कॅसेटी पाठवायचे. एकदा मला म्हणाला, "मिस्त्रीकाका, ब्लॅक मेटलचं पार्सल येणारे. पोस्टातून घेऊन याल?" आमच्या यार्डात ब्लॅक म्हणजे गॅल्व्हनाइज न केलेला पाइप. मला वाटलं, साहेबांनी लेकाला आत्तापासून धंद्यात घातलं, सॅम्पल मागवलं असेल. पाकीट हातात घेतलं तर अगदी हलकं. वर निखिलचं नाव. मी मनात म्हटलं, हे कसलं लोखंड? आणि नेऊन दिलं. ब्लॅक मेटल हे त्या बँडच्या गाण्यांच्या प्रकाराचं नाव, हे खूप नंतर कळलं.

गणपतीनंतर काही दिवसांनी बाईसाहेबांना निखिलच्या खोलीत त्या पाकिटातली कॅसेट सापडली. कव्हरवर बोकडाची कवटी आणि उलटा क्रॉस. साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. निखिल तिथेच उभा होता. आनंदलाही शाळेतून थेट आणवलं होतं.

"हे सैतानाचं संगीत आहे. इथे पोलिसांपर्यंत गेलं तर काय होईल माहितेय? कोणी आणलं माझ्या घरात?"

निखिल एसीकडे बघत राहिला. साहेब पुन्हा म्हणाले, "मिस्त्री, मी तुला विचारतोय."

मला माहीत होतं. पाकीट माझ्याच हातांनी आणलं होतं. साहेबांना खरं नको होतं, त्यांना नाव हवं होतं. मी म्हणालो, "आनंदने आणलं असेल, साहेब. चुकलं."

असेल. हा एक शब्द. खोटं बोलायचं आणि आपण नक्की काही बोललो नाही असंही म्हणायचं. मी तो शब्द वापरला. मग साहेबांसमोर ती कॅसेट पायाखाली घेतली आणि बुटाने फोडली. साहेब म्हणाले, "खलास. विषय संपला. पण पोराला इथे ठेवू नकोस."

आनंदला मी गावी भावाकडे पाठवलं. शाळा अर्धवट. विमानतळावर त्याने एकच विचारलं. "अण्णा, पाकीट तुम्हीच आणलं होतं ना?" मी म्हणालो, "पोचल्यावर काकांना फोन करायला सांग."

तेव्हापासून मला माणसांचा संशय येतो. गोड बोलणाऱ्यांचा जास्त. प्रसाद घेऊन जा म्हणणाऱ्यांचा तर फारच. माझ्या मुलीला वाटतं म्हातारा तिरसट झाला. तिला कारण ठाऊक नव्हतं.

यंदा माझी नात मैत्री, ती कॉलेजात जाते, मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर अर्ध्या इंग्रजीतच.

"आबा, लिसन. हे मराठी आहे ना?"

आधी खरखर. जुन्या टेपची. मग एका माणसाचा आवाज, हसरा, लाचार. वाजव. साहेब सांगतायत. मग खालूबाजा. आणि त्यावर गिटारी अशा कोसळल्या की मी मोबाइल पालथा घातला.

"कुठून आणलंस हे?"

"न्यू अल्बम आहे, आबा. ब्राझीलचा बँड. व्हेरी ओल्ड. कॉलेजात सगळे शेअर करतायत, कारण अल्बमवर बहरीनचं नाव आलंय. सगळे विचारतायत हा कुठला डार्क चँट आहे."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच निव्वळ मराठीत म्हणाली, "आबा, हा तुमचा आवाज आहे."

त्या संध्याकाळी टेप चालू होता हे मला कधी सुचलंच नव्हतं. निखिलने तीच टेप, आनंदच्या वाजवण्याची, स्वतःच्या नावाने ब्राझीलला पाठवली होती. तिकडे त्यांनी ती इतकी वर्षं जपली.

मैत्रीने मला त्यांच्या गायकाचा व्हिडिओ लावून दिला आणि काय बोलतो ते सांगत गेली. मी आधी विश्वास ठेवला नाही. तोंडाला राख फासून सैतान सैतान ओरडणाऱ्यांवर का ठेवू? पण हा म्हातारा राख न लावता बसला होता. कातडी माझ्यापेक्षा काळी, दाढी पांढरी. बंदरातल्या हमालाचा मुलगा. त्याची आजी देवापुढे ढोल वाजवायची. शाळेतल्या नन्सनी त्याला वर्गात गुडघ्यांवर बसवून सांगितलं, तो ढोल सैतानाचा आहे. तो म्हणाला, मोठे झाल्यावर आम्ही ठरवलं, सैतानाचे तर सैतानाचे. मग उसना अॅम्प्लिफायर, बंद पडलेलं गोदाम. रेडिओने त्यांना कधी वाजवलं नाही. पोलिसांनी कार्यक्रम उधळले. काही सोबती मेले, काही चर्चमध्ये परत गेले. मधे बरीच वर्षं बँड बंद होता. आता म्हातारपणी हा नवा अल्बम. त्याची सुरुवात बहरीनच्या टेपने का, असं कोणीतरी विचारलं. तो म्हणाला, भाषा आम्हाला येत नाही. हुकूम असेल नाहीतर प्रार्थना. पण त्यानंतर जो हात पडला तो रागावलेला होता. तो राग आम्हाला ओळखीचा वाटला.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

पुढच्याच आठवड्यात फोन आला. "मिस्त्रीकाका! ओळखलंत का? निखिल!" तो आता इथेच मोठ्या बँकेत आहे. इतक्या वर्षांत त्याने मला सणाला मेसेज केला नव्हता. मी मनात म्हटलं, काय पाहिजे याला?

"शुक्रवारी घरी या. त्या बँडचा अल्बम आलाय, सगळ्यांना ऐकवतोय. गाडी पाठवतो."

गाडी पाठवतो म्हणाल्यावर संशय पक्का झाला. तरी गेलो. ऐकायचं होतं, हा काय सांगतो.

तोच व्हिला. साहेब व्हीलचेअरवर, एसी लागतो म्हणून पायावर शाल. नवी मंडळी, तरुण, पण हसणं तसंच. निखिलने काळा टीशर्ट घातला होता, पोटावर ताणलेला. त्याने ती सुरुवात मोठ्या स्पीकरवर लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय वाजवलंयस रे त्या वयात!" तो नम्रपणे हसला.

मग मला बाजूला घेतलं. "काका, एक छोटा व्हिडिओ करू. बँडला पाठवायचाय. तुम्ही फक्त म्हणायचं, हा कोकणातला जुना मंत्र आहे. मिस्टिक वाटतं."

"मंत्र?"

"कोणाला कळणारे? ब्राझीलवाल्यांना मराठी मफी." इथल्या अरबीत मफी म्हणजे नाही. तो हसला.

"आणि वाजवलं कोणी?"

"कॅसेटवर नाव माझंच आहे ना, काका. आता कशाला गोंधळ?"

तेवढ्यात साहेबांनी खुर्चीतून हाक मारली. "मिस्त्री, अरे तूही वाजव काहीतरी. पोरांना दाखव. रक्तातच आहे तुमच्या."

मी सोफ्याचा हात धरून, गुडघा सावरत उठलो, त्यामुळे रुबाब काही आला नाही. पण उठलो. म्हणालो, "रक्तात काही नसतं. गावकीने वाजवायला लावलं म्हणून आम्ही वाजवायचो. माझ्या बापाने ते बंद केलं. मी या घरात पुन्हा सुरू करून दिलं. हा मंत्र नाही. मी माझ्या पोराला दिलेला हुकूम आहे, तुमच्या वतीने. वाजवणारा आनंद. निखिल नाही. आणि बोकडाची ती कॅसेट निखिलची होती, पाकीट मीच आणलं होतं. तुमच्यासमोर खोटं बोललो. आता बोलणार नाही. वाजवणारही नाही."

निखिल म्हणाला, "काका, पाणी घ्या. बसा."

एक बाई म्हणाल्या, "जाऊ द्या हो, किती जुन्या गोष्टी."

साहेब नोकराला म्हणाले, "याला गाडीत बसवून दे."

"गाडी नको," मी म्हणालो. बाहेर कंपाउंडच्या भिंतीपाशी उभा राहिलो आणि मैत्रीला फोन केला. घाम निथळत होता. मोकळं वगैरे काही वाटलं नाही.

मैत्रीने बँडला इंग्रजीत लिहून कळवलं, त्या शब्दांचा अर्थ काय आणि हात कोणाचा. अजून उत्तर नाही. त्यांच्यावरही माझा पुरता भरवसा नाही. हुकमापेक्षा मंत्र जास्त खपतो, हे त्यांनाही कळत असेल. त्यांनी वाजवणाऱ्याचं नाव बदललं तर बदललं. नाही बदललं तर मैत्री पुन्हा लिहील, आणि मी तिच्याशेजारी बसून लिहायला लावीन.

आनंद चिपळूणला एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहे. गावकीचे लोक मधे त्याच्याकडेही आले होते, ढोल वाजव म्हणून. आता म्हणतात कला जपली पाहिजे. त्याने त्यांना दारातूनच परत पाठवलं. माझ्या भावाने मला हे अभिमानाने सांगितलं. आनंदने सांगितलं नाही.

व्हिलातून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन लावला. मैत्रीने गाणं पाठवलं होतं. मी विचारलं, "ऐकलंस?"

"ऐकलं."

"आवाज माझा आहे."

"माहितेय, अण्णा. मी तिथेच होतो."

त्याच्या मागे कोणीतरी पान्याने बोल्ट ठोकत होतं. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "तिकडे ऊन फार आहे का?"

"आहे," तो म्हणाला. "गोळी घेतलीत ना? ठेवतो."

मी साहेब हा शब्द टाकला आहे. यापुढे कोणालाही म्हणणार नाही, दवाखान्यातही नाही. असेल हा शब्दही टाकला आहे. हे सगळं चारचौघांत वाचलं जावं म्हणून लिहितो आहे, कारण पोराची मान मी चारचौघांत खाली घालायला लावली. पण लिहिणं म्हणजे माफी मागणं नव्हे, एवढं मला कळतं. मी गावी जाणार आहे. मुलगी म्हणते तब्येत बघा, तिकीट पुढे ढकला. ढकलणार नाही. वर्कशॉपच्या दारात, त्याच्या माणसांदेखत उभा राहणार आहे. त्याने माफ करावं अशी अट नाही. तो पाठ फिरवून बसखाली शिरला तरी त्याच्या पायांशी बोलणार आहे.

काय बोलायचं ते पाठ केलं आहे. आनंद, तू नको म्हणालास ते बरोबर होतं. मी तुला मोडलं. मला माफ कर.

आजवर हे मी भिंतीशी बोललो आहे. त्याच्याशी नाही.