पात्यावरचं कुंकू

जिगे सार्जंट माणसाच्या तोंडाकडे आधी कधीच बघायचे नाहीत, हातांकडे बघायचे. परतूरजवळच्या आमच्या गावात बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला, तेव्हा त्याची देखभाल त्यांच्याकडे आली. हवाई दलात विमानांची दुरुस्ती करून निवृत्त झालेला माणूस गावातच असताना बाहेरून कोण आणणार? आम्ही अकरा बायका समाजमंदिरासमोर हात जोडून उभ्या राहिलो. त्यांनी त्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बांगड्या काढा."

सवाष्णींना तोंडावर असं सांगणारा माणूस आमच्या गावात त्याआधी झाला नव्हता. गटाच्या अध्यक्षा कमलताई म्हणाल्या, "काका, असं बोलू न्हाई."

"मी कुनाचा काका न्हाई. पंखा फिराय लागला का त्याला नातं कळत न्हाई. मशीनीजवळ यायचं तर हात मोकळे पाहिजेत. न्हाई तर लांब बसून पापड लाटा."

हा माणूस आपल्याला आवडायचा नाही, हे मी तिथेच ठरवलं. आणि आताच सांगून टाकते, तो मला शेवटपर्यंत आवडला नाही. अहो-जाहो करते ती त्यांच्या वयाला.

तरी बांगड्या मी काढल्या. ड्रोन उडवायचं शिकून, परीक्षा देऊन आलेली गटात मी एकटीच होते. बारावीनंतरची चौदा वर्षं चुलीपुढे गेली होती. रिमोट हातात आल्यापासून लोक मला अमक्याची बायको म्हणायचं सोडून रेणुका म्हणू लागले होते. कुणी दिवसभर तोंडसुख घेतलं तरी चालेल, पण तो रिमोट आपल्या हातातून जाऊ नये, एवढंच मला वाटत होतं. सार्जंटांना हे पुरतं ठाऊक होतं. हाक मारताना ते मुद्दाम "ए पायलट" म्हणायचे आणि पुढे काहीतरी पुटपुटायचे.

शिकवणं ही त्यांची छळायची एक तऱ्हा होती. एकदा विचारलं, "ह्ये उडतं कशानं?"

मी म्हटलं, "पंख्यानं."

"पंखा तुझ्या घरात बी हाये. घर उडालं का कधी?"

बायका हसल्या. मग त्यांनी एक पातं हातात घेऊन त्याचा बाक दाखवला. "ह्या बाकानं पातं हवा खाली ढकलतं, म्हनून हवा त्याला वर उचलती. दोन पाती घड्याळासारखी फिरतात, दोन उलटी, म्हनून मशीन जागेवर गरगरत न्हाई. ह्याचं पातं त्याला बसवलं का बाक उलटा पडला. मंग जी हवा उचलत होती तीच तुला मातीत घालती. हवा कुनाची पाव्हणी न्हाई."

आमच्या डोक्यात उजेड पडला, हे खरं. पण उजेड पाडताना त्यांनी आम्हाला जेवढं भाजून काढलं, तेवढी काही गरज नव्हती. विमानाचा इतिहासही ते असाच सांगायचे, सुतकाची बातमी द्यावी तसा. सायकली दुरुस्त करणाऱ्या दोन भावांचं विमान पहिल्यांदा बारा सेकंद उडालं, हे मी शाळेत वाचलं होतं. तसं म्हटल्यावर ते फिसकन हसले. "बारा सेकंद समद्यांला पाठ हायेत. त्याच्या आधी पंख बांधून टेकडीवरून कितीक पडले, कितीक मेले, त्ये कुनी पाठ करत न्हाई. इमान उडवायचं त्यांनी शिकवलं. उडणाऱ्यानं न्हाई, पडणाऱ्यानं."

हे वाक्य ते येता-जाता म्हणायचे. त्याचा अर्थ मला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कळला.

त्या दिवशी गावाच्या वरच्या अंगाला तुरीच्या शेतात आमच्या फवारणीचं प्रात्यक्षिक होतं. पाच गावांचे शेतकरी बघायला येणार होते. त्यांना काम पटलं तर सगळा हंगाम आमचा होता. त्याआधी खंडेनवमीला आम्ही ड्रोनची पूजा केली. आमच्याकडे त्या दिवशी विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना हळदीकुंकू लागतं, मग ड्रोनने काय पाप केलं होतं? मी चारही पाती काढून स्वच्छ पुसली, पाटावर ओळीने मांडली, प्रत्येकाच्या बुडाशी कुंकवाचं ठसठशीत बोट लावलं आणि पूजा झाल्यावर पुन्हा बसवली. सार्जंट आले, ड्रोनभोवती एक चक्कर मारली, प्रसादाचा पेढा घेतला आणि गेले. चक्क काही बोलले नाहीत. मला वाटलं, सणाचा दिवस म्हणून सोडलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेतात मी पाती हलवून पाहिली. घट्ट होती. बुडाशी असलेल्या दिशेच्या खुणा मात्र पाहिल्या नाहीत. त्या कुंकवाखाली होत्या. देवाचं कुंकू पुसायचं कसं, हे एक, आणि बसवली तर मीच आहेत, हे दुसरं. चूक माझीच होती. सार्जंटांनी लोकांना मागे सरकवलं, दोरी नेहमीच्या दुप्पट अंतरावर बांधली. मी रिमोटची दांडी वर केली. ड्रोन उचलला गेला नाही. एका अंगावर कलंडला, पाती मातीत घुसून तुटली आणि औषधाच्या टाकीतलं पाणी तुरीच्या सरीत वाहून गेलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "बायांचं काम हाये का ते."

सार्जंट सावकाश चालत गेले. तुटक्या पात्याचं बूड उचललं, सगळ्यांसमोर अंगठ्याने कुंकू पुसलं आणि खाली उमटलेली खूण दाखवली. "देव पुजला, खूण झाकली," म्हणाले. आधी बांगड्या, आता कुंकू. कमलताईंनी मान खाली घातली. मग सार्जंटांनी पिशवीतून नवी पाती काढून बसवायला घेतली आणि मला एकदम लख्ख दिसलं. दुप्पट लांब दोरी. पिशवीत तयार असलेली पाती.

"तुम्हाला परवाच दिसलं होतं," मी म्हटलं.

"दिसलं होतं."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलेलं माणूस इसरतं. पडलेलं इसरत न्हाई."

नव्या पात्यांवर ड्रोन उडाला, पण रिमोट माझ्या हातात नव्हता. कमलताईंनी तो आपल्या जावेकडे दिला; परीक्षा दिली नसली तरी माझं बघून ती हात चालवू लागली होती. तो सगळा हंगाम मी टाकीत औषध भरायचं काम केलं आणि रोज संध्याकाळी सार्जंटांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. पुढच्या मोसमात जावेला चक्कर येऊ लागली, तेव्हा सार्जंटांनी मला बोलावलं, डोळ्यांवर रुमाल बांधला आणि जादाच्या चारांसकट आठ पाती पुढे ठेवली. कुठलं पातं कुठल्या दिशेचं, ते बोटांनी बाक चाचपून मी आठही ओळखली. "बराबर," ते म्हणाले. तीन वर्षांत त्यांनी केलेलं कौतुक ते एवढंच. रिमोट परत मिळाला. मी आभार मानले नाहीत. माझी चूक मला शिक्षा देऊन गेली असती तर चाललं असतं, पण तिचा तमाशा त्यांनी ठरवून मांडला होता.

मागच्या उन्हाळ्यात सार्जंट हृदयविकाराने गेले. दहाव्याला मी गेले, दोन्ही हात भरून बांगड्या घालून गेले.

कुंकू आता आम्ही ड्रोनच्या टाकीला लावतो. यंदा माझ्या हाताखाली वनिताबाई शिकायला आल्या, वयाने माझ्याहून मोठ्या. खंडेनवमीला धुतलेली पाती त्यांनी बसवली आणि पुढच्या दोनांची अदलाबदल झाली. मला लांबूनच दिसलं. कबूल करते, मी क्षणभर गप्प राहिले. उद्या मोकळ्या रानात कलंडू द्यावं, जन्मात विसरणार नाही, असं मनात आलंच. तो आवाज माझा नव्हता, पण माझ्याच गळ्यापर्यंत आला होता.

"वनिताबाई, पुढची दोन पाती उलटी बसली," मी म्हटलं.

पंधरा दिवसांनी त्यांनी पुन्हा तीच चूक केली. सांगितलेलं माणूस विसरतं, हे सार्जंटांचं खरंच होतं. मी पुन्हा सांगितलं.