मशीन माझ्या मांडीवर होती

मी आशा वर्कर आहे. आमच्या गावात लेकरू रात्रभर रडलं की लोक आधी त्याच्यावरून लिंबू उतरवतात आणि मग मला बोलावतात. मी आधी त्यांना रागावते आणि मग थर्मामीटर लावते. बारा वर्षं हेच चाललंय. त्यामुळे बाहेरचं, भानामती, अंगात येणं असलं काही मला सांगायला कुणी येत नाही. शिव्या खायच्या कुणाला हौस असते?

म्हणूनच हे लिहिताना अवघड वाटतंय...

आमचं गाव कयाधू नदीच्या काठावर, कळमनुरी तालुक्यात. नाव देत नाही, कारण यातली माणसं अजून तिथंच राहतात. गावाचे दोन भाग आहेत. वर शाळा, ग्रामपंचायत आणि बरीचशी घरं. खाली नदीला लागून एक गल्ली – खालची गल्ली – एकतीस घरं. पावसाळा आला की या गल्लीची सगळ्यांना काळजी. तालुक्याला आमचं एक प्रशिक्षण झालं होतं. त्यात मला शिट्टी, दोर आणि दोन लाइफ जॅकेट मिळाली, आणि एक काम मिळालं – गल्लीतल्या माणसांची यादी करायची. म्हातारं कोण, पोटुशी कोण, आजारी कोण. पाणी चढायला लागलं की ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून एकेकाचं नाव घेऊन त्यांना शाळेत बोलवायचं. यादी मी डायरीत अगदी नीट लिहिली होती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पोळा होऊन आठवडा झाला होता. भोंग्याची मशीन, म्हणजे अॅम्प्लिफायर, बिघडून आखाडा बाळापूरला दुरुस्तीला पडली होती. सलग दोन दिवस पाऊस, आदल्या संध्याकाळी डीपी जळाली, गावात लाइट नाही. मी सकाळी पहिल्या काळी-पिवळी जीपनं मशीन आणायला निघाले. म्हटलं, बारापर्यंत परत येते.

दुकानदारानं मशीन काढून दाखवली, बॅटरीवर चालवून दाखवली. मी चहा घेतला. अकराच्या आत निघाले. मशीन प्लास्टिकच्या पोत्यात गुंडाळून मांडीवर घेतली होती. साडेअकराला आमच्या पुलापाशी आलो आणि गाडी थांबली.

"मामा, हळूहळू घ्या ना," मी ड्रायव्हरला म्हणाले. "अर्धा किलोमीटर तर राहिलंय."

"ताई, पूल कुठंय ते तरी दिसून राहिलं का तुमाला?"

खरंच दिसत नव्हता. कठडासुद्धा पाण्याखाली. वर कुठंतरी पाऊस खूप पडला असणार, कारण पाणी बघता बघता वाढत होतं. पलीकडं आमची खालची गल्ली – भिंती पाण्याखाली गेल्या होत्या, नुसते पत्रे दिसत होते. एकही माणूस दिसत नव्हता. शाळा झाडांच्या मागं, ती इकडून दिसतच नाही. फोन लावले... सरपंच, शाळेतले सर, घरी सासूबाई. एकही लागला नाही. टॉवरच बंद.

शिट्टी फुंकली. ओरडले. गाडीतून उतरून पाण्याच्या कडेला गेले, तर मामांनी दंडाला धरून मागं ओढलं.

"काहून जीव देता ताई? मला तुमचा आवाज इथं ऐकू येऊन न्हाई राहिला, तिथं काय जाईल?"

मग पाण्यावरून एक लाल रजई वाहत आली. मागं दुसरी. खालच्या गल्लीतले रशीदचाचा गाद्या-रजया भरतात, त्यांच्याच होत्या. त्या बघितल्या आणि मी मागं फिरले. गाडीत येऊन बसले. लोकांना सावध करायची मशीन माझ्या मांडीवर, दुरुस्त होऊन, चालू... आणि लोक पलीकडं.

काय करावं सुचेना. डायरी उघडली आणि नावं वाचायला लागले. मोठ्यानं नाही, पुटपुटत. धोंडाबाई, एकट्या, गुडघे दुखतात – धोंडाबाई, उठा, काठी घ्या. सविता, सातवा महिना – सविता, काही घेऊ नको, नुसती नीघ. रशीदचाचा, दमा – चाचा, घाई करू नका, पण निघा. अशी एकतीसच्या एकतीस घरं. संपली की पुन्हा पहिल्यापासून. किती वेळा वाचली माहीत नाही. मामा नंतर म्हणाले की मी चार तास तेच करत होते.

पाच वाजता पूल उघडा पडला. मामांनी हात धरून चिखलातून पलीकडं नेलं. मी मनाशी एकच ठरवलं होतं – कुणाचं प्रेत दिसलं तरी तिथं बसायचं नाही, पुढं जायचं.

शाळेच्या आवारात चूल पेटली होती. खिचडीचा वास येत होता. सविता ताटली घेऊन ओसरीवर बसली होती! धोंडाबाई होत्या, गल्लीतली सगळी होती. मी तिथंच खाली बसून रडले.

सविता म्हणाली, "ताई, सकाळपासून कुठं होत्या तुमी? समद्यांना बोलावलं अन् तुमीच गायब."

"मी कुठं बोलावलं?"

"भोंग्यावरनं की! धोंडाबाई, काठी घ्या. सविता, काही घेऊ नको, नुसती नीघ... तवा तर पाणी पायरीलाबी नव्हतं लागलं. तुमी नावानं बोलावलं म्हनून निघालो आमी."

मला वाटलं, ही घाबरलीय, काहीतरी बोलतेय. पण धोंडाबाई तेच म्हणाल्या. आणि शाळेतले सर – विज्ञान शिकवतात – तेही म्हणाले, "परिपाठ नुकताच संपला होता. सव्वादहा. मी मुद्दाम घड्याळ बघितलं, कारण मला वाटलं लाइट आली."

सव्वादहाला मी बाळापुरात दुकानातल्या बाकावर चहा पीत होते. पूर आलाय हे मला माहीतसुद्धा नव्हतं. ती नावं मी पुटपुटले साडेअकरानंतर.

मी ग्रामपंचायतीकडं पळत गेले. कुलूप जसंच्या तसं. एक किल्ली माझ्या पर्समध्ये, दुसरी शिपायाकडं, आणि तो दोन दिवस सासरवाडीला. दार उघडलं. टेबलावर मशीनच्या जागेवर तेवढा चौकोन स्वच्छ, बाकी धूळ. वायरी मोकळ्या लोंबत होत्या.

परत शाळेत आले तेव्हा रशीदचाचा वर्गावर्गातून फिरत होते. पळापळीत त्यांना दमा लागला होता, दिवसभर आतल्या बाकावर आडवे होते. आता कुठं उठले होते.

"आपा कुठंय?" ते बायकांना विचारत होते. "हलीमा आपा?"

हलीमा आपा म्हणजे त्यांची थोरली बहीण. वारंगा फाट्याहून भावाकडं राहायला आली होती. ऐकू कमी यायचं.

"ती तुमच्यासंग हाय असं वाटलं आमाला," सविता म्हणाली.

"मला म्हणली, तू हो पुढं, मी चपला घालून येते. मला वाटलं तुमच्यात बसली..."

 मग धोंडाबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ताई, तुमी घेतलेली नावं आमी इथं मोजली. समदी बराबर लागली. म्हनून निवांत बसलो."

आपा येऊन आठ दिवस झाले होते तेव्हाची गोष्ट. मी स्वतः चाचांच्या घरी जाऊन तिचं बीपी तपासलं होतं. तिनं मला शेवया खाऊ घातल्या होत्या. यादीत नाव घालायचं तेव्हाच मनात आलं होतं. पण म्हटलं, पंधरा दिवसांनी परत जाणार आहे, कशाला...

तिसऱ्या दिवशी ती खाली बाभळींत सापडली.

आपाच्या चाळिसाव्या दिवशी मी चाचांकडं गेले. नव्या पत्र्याखाली बसलो होतो. ते कापूस नुसता बोटांनी मोकळा करत होते. मग म्हणाले, "ताई, गुस्सा न्हाई माझा. पन एक सांगा. माझं नाव घेतलं तुमी. आपाचं काहून न्हाई घेतलं?"

ती मी नव्हतेच, असं सांगितलं असतं तर ते खरं होतं. पण माझ्या तोंडातून ते निघालं नाही. 

यावर खूप विचार केला. सर म्हणतात, सगळ्यांना एकाच वेळी भास झाला असेल. मग भास त्यांनाही झाला का, असं विचारलं की विषय बदलतात. नवरा म्हणतो, तू वेळ चुकीची धरतेस. पण दुकानदारालाही वेळ आठवते, त्यानं नुकतंच शटर उघडलं होतं.  कुणाकडं उत्तर असलं तर सांगा, मी ऐकायला तयार आहे.

पण हे आता लिहितेय त्याचं कारण वेगळं आहे.

गेल्या पावसाळ्यात मोबाइलवर पुराचा इशारा आला. मशीन चालू होती, नवी बॅटरी होती, यादी पुरी होती – पाहुण्यांसकट. मी दुपारी भोंग्यावरून दोनदा सगळी नावं वाचली. शाळेत येऊन वाट बघितली. एकही माणूस आलं नाही.

पावसात खाली गेले. गल्लीत कधी नव्हे ती शांतता. टीव्ही बंद, गिरणी बंद, लेकरांना गप्प केलेलं. सगळे दार उघडं टाकून उंबऱ्यात बसलेले. पाणी पहिल्या पायरीला लागलं होतं.

"धोंडाबाई, चला ना! मी बोलावलं ते ऐकलं नाही का?"

"ऐकलं की."

"मग?"

त्यांनी माझा ओला हात हातात घेतला. अगदी मायेनं. "ताई, तुमी बोलावलं, व्हय. पन तो आवाज न्हाई आला अजून. तो आला की निघतो आमी."

मी घरोघर हात जोडले. ओरडले. सविताच्या कडेवरचं लेकरू घेऊन चालायला लागले, तर तिनं ते हळूच परत घेतलं. पाणी दुसऱ्या पायरीला लागलं.

मग माझ्याच्यानं ओरडवेना. त्यांच्यासारखीच मीही गप्प झाले आणि भर पावसात उभी राहून कान देऊन ऐकायला लागले.