ऑपरेटरबाईंचे मंद पेन ड्राइव्ह

नोकरीची सगळी वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर गेली, म्हणून त्यांना सगळे ऑपरेटरबाई म्हणत. बोर्ड गेले, तारा गेल्या, बाई निवृत्त झाल्या, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आवाज असा की गॅसवाल्याला पत्ता सांगितला तरी तो म्हणायचा, "बाई, पुन्हा एकदा सांगा ना."

त्यांचे यजमान छापखान्यात मुद्रितं तपासायचे. साठी उलटली आणि डोळ्यांनी दगा दिला. आधी बारीक टाइप गेला, मग मथळे गेले, मग बायकोचा चेहरा. माणूस पुस्तकांवर जगलेला, नुसता भिंतीकडे तोंड करून बसू लागला. तेव्हा बाई त्यांना रोज दुपारी वाचून दाखवू लागल्या.

मग लेकीचं बाळंतपण आलं. बाईंना तिच्याकडे जाऊन राहणं भाग होतं. इकडे जेवणाखाणाची सोय नणंद बघणार होती, पण वाचणार कोण? बाईंनी जाण्यापूर्वी एक अख्खी कादंबरी फोनमध्ये वाचून ठेवली, जावयाकडून ती पेन ड्राइव्हवर घालून घेतली आणि तो एका छोट्या स्पीकरला लावून दिला. बटण कुठलं दाबायचं ते यजमानांचं बोट धरून शिकवलं. परत आल्यावर भीत भीत विचारलं, "ऐकलंत का?"

"दोनदा," यजमान म्हणाले. "अगं, तू समोर असताना एवढं नीट वाचत नाहीस. मध्येच दूध बघायला उठतेस."

तिथून हे खूळ वाढलं. डोळ्यांच्या दवाखान्यात ओळखी झालेल्या मंडळींना कळलं, त्यांनाही पुस्तकं हवी झाली. बाई वाचत, लॅपटॉपवर ठेवत आणि पेन ड्राइव्ह भरून घरोघर देत. पेन ड्राइव्ह गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानातले, सगळ्यात साधे. ते इतके मंद की बाई कॉपी सुरू करून कपड्यांना इस्त्री करायला घेत, तरी पडद्यावरचा तो हिरवा पट्टा आपला मुंगीच्या पावलांनी सरकत असे.

जावई कंप्युटरच्या कामातला. तो हे बघून कळवळायचा. "आई, एवढ्या वेळात तुमचं पुस्तक पुन्हा वाचून होईल. जरा चांगला, वेगवान घ्या की."

"मला तो एकदाच भरायचा असतो," बाई म्हणाल्या. "ऐकणाऱ्याला काय त्याचं? मी बोलते त्याच चालीनं त्यांना ऐकायचंय. आणि अर्धे तर परतच येत नाहीत. कुणाच्या सोफ्यात जातात, कुणाची नातवंडं पळवतात. तिथे भारीतला देऊन काय करू?"

जावयाने मान डोलावली. "हे मात्र बरोबर आहे. आवाजाला वेग लागतोच कुठे!"

त्यांच्या ऐकणाऱ्यांत एक कवायतीचे मास्तर होते. शाळेत शेकडो पोरांना एका शिट्टीवर उभं करणारा माणूस. दृष्टी गेली तरी आवाज मैदानातलाच. ते मोरीत घसरले, पाय प्लास्टरमध्ये गेला. त्यांच्या बायकोचा बाईंना फोन आला. "ह्यांना भरपूर काहीतरी द्या हो. दिवसभर माझ्या डोक्यावर मिरे वाटतायत."

भरपूर द्यायचं म्हणजे मोठा ड्राइव्ह हवा. स्टेशनरीवाला नेमका गावाला गेला होता. बाजारात फुटपाथवर एकजण टोपलीत पेन ड्राइव्हचा ढीग लावून बसला होता. त्यावर छापलेले आकडे डोळे फिरवणारे आणि भाव भाजीचा. बाईंनी एक उचलला. घरी येऊन होती नव्हती ती सगळी पुस्तकं त्यात भरली. पट्टा शेवटपर्यंत गेला, कुठे तक्रार नाही. पहिल्या पुस्तकाची सुरुवात ऐकून त्यांनी तो पोचवला.

काही दिवस छान गेले. मग एका सकाळी मास्तरांचा फोन आला.

"बाई, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मी? ठणठणीत आहे. का हो?"

"ते जहाजाचं पुस्तक ऐकत होतो. वादळ सुटलं, कप्तानाने दोर धरला, तुम्ही म्हणालात 'आणि तेवढ्यात', आणि खलास! नुसती खरखर. पुढचं पुस्तकही लागेना." मास्तर थांबले. त्यांचा मैदानी आवाज जरा खाली आला. "ही म्हणते, यंत्र बिघडलंय. पण मला आपलं वाटलं, वाचता वाचता तुम्हालाच काही झालं की काय. कालपासून फोन करू की नको, करू की नको."

 आयुष्यभर बाईंनी लोकांचे फोन जोडून दिले होते. मध्येच तुटलेल्या फोनची दुसऱ्या टोकाला एवढी धास्ती बसते, हे आज पहिल्यांदा त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

"पाय हलवू नका," त्या म्हणाल्या. "मीच येते."

पुस्तक काखेत मारून त्या निघाल्या. मास्तरांच्या खाटेशेजारी खुर्ची ओढली आणि 'आणि तेवढ्यात'पासून पुढे वाचायला लागल्या. कप्तान वाचला. मास्तर नाराज झाले.

"हे काही खरं नाही. रात्रभर पडल्या पडल्या मी त्याला बुडवला होता. चांगला बुडवला होता."

"मग तुम्हीच लिहा," बाई म्हणाल्या, आणि दोघं हसली.

येताना त्या तो ड्राइव्ह घेऊन आल्या. जावयाने तपासला आणि कपाळाला हात लावला. "आई, ह्यावर लिहिलंय त्याच्या आठव्या हिश्शाइतकीसुद्धा जागा नाही आत. भरली तरी हा नाही म्हणत नाही. घेतलं, घेतलं म्हणतो आणि टाकून देतो."

"म्हणजे आमंत्रण अख्ख्या गावाला आणि पानं चारच."

"अगदी तसंच. दुकानातले तुमचे मंद आहेत, पण खोटे नाहीत. तेच घ्या. फक्त नवा आणला की एकदा काठोकाठ भरून शेवटचं पुस्तक ऐकून बघायचं." मग त्याला शंका आली. "मूळ पुस्तकं कुठे ठेवता हो तुम्ही?"

बाईंनी टेबलाच्या खणातून, रबर लावलेला एक जुना पेन ड्राइव्ह काढला. लॅपटॉपवर जागा होईना तशी जुनी पुस्तकं त्यांनी त्यात हलवली होती. दुसरी प्रत नव्हती.

जावयाने पुन्हा कपाळाला हात लावला. त्या रविवारी तो एक चांगली हार्ड डिस्क घेऊन आला. बाईंनी ह्या वेळी हुज्जत घातली नाही. वाटायला साधं ठीक, पण जे एकुलतं एक आहे ते असं खणात लोळू द्यायचं नाही, हे त्यांना पटलं होतं.

मास्तरांना त्यांनी दुसरा ड्राइव्ह भरून दिला, शेवटपर्यंत तपासून. तरी आठवड्यातून एकदा जाऊन समोर बसून वाचण्याचा पायंडा पडला तो पडलाच. यजमानही सोबत येऊ लागले. मास्तर आणि ते, दोघांचं एका वाक्यावर एकमत होत नसे, त्यामुळे दोघेही खूष असत.

एकदा बाईंनी पुस्तक उघडलं, तशी मास्तरांची बायको पदराला हात पुसत दारात आली. "तुम्ही आहात ना आता तासभर?"

"आहे की."

"मग मी जरा बाहेर जाऊन येते."

"कुठे निघालीस?" खाटेवरून मास्तरांनी विचारलं.

"कुठेच नाही," ती म्हणाली. चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून गेली.